डिस्क फुल दाखवतोय, पण भरलीये कशाने? वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच दुखण्याची आहेत, लिनक्स सर्व्हरवर जागा किती उरली आणि किती वापरली हे सांगणाऱ्या डीएफ आणि डीयू या कमांडचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून अख्खा कॉलम त्यालाच दिलाय. पत्रं थोडी कापलीत, बाकी वाचकांनी लिहिलंय तसंच आहे. एक विनंती मात्र आधीच करते, डिस्क भरली की हात आपोआप आरएमकडे, म्हणजे फाइल डिलीट करणाऱ्या कमांडकडे जातो, तो थोडा थांबवा आणि आधी जागा कोणी धरून ठेवलीये ते बघा, कारण खालच्या बऱ्याच पत्रांत डिलीट केल्यानंतरच गुंता वाढलाय.

प्रश्न: ताई, आमच्या वेब सर्व्हरचं रूट पार्टिशन ५० जीबीचं आहे. रात्री साइट बंद पडली म्हणून लॉगिन करून डीएफ -एच मारलं तर ४८ जीबी वापरलेली, शिल्लक ०, वापर १०० टक्के. /व्हार/लॉग मध्ये ॲप्लिकेशनची एकच लॉग फाइल २८ जीबीची सापडली, ती उडवली. तरी डीएफ तेच दाखवतंय! आणि डीयू -एसएच ने सगळी बेरीज केली तर फक्त १९ जीबी येतेय. मग बाकीची जागा गेली कुठे? फाइलसिस्टिम करप्ट झाली असेल का, एफएससीके चालवू का? आमचे मॅनेजर म्हणतायत सर्व्हर रीबूट करून टाक.

उत्तर: एफएससीके, म्हणजे फाइलसिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, नको. माउंट असलेल्या, चालू फाइलसिस्टिमवर तर कधीच नको, त्याने आत्ता धड असलेला डेटा खरोखर बिघडू शकतो. तुमची फाइलसिस्टिम ठणठणीत आहे आणि दोन्ही आकडेही बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत.

डीएफ एकही फाइल उघडून बघत नाही. ते थेट फाइलसिस्टिमला विचारतं की तुझ्याकडे ब्लॉक एकूण किती, रिकामे किती, आणि फाइलसिस्टिम स्वतःच्या हिशोबातले काउंटर वाचून दाखवते, म्हणून कितीही मोठी डिस्क असली तरी डीएफचं उत्तर क्षणात येतं. डीयूचं काम उलट बाजूने चालतं, ते एकेका फोल्डरमध्ये शिरतं, तिथे नावाने दिसणारी प्रत्येक फाइल घेतं आणि तिने किती ब्लॉक अडवलेत त्याची बेरीज करत जातं. त्यामुळे ज्या फाइलला आता नावच उरलेलं नाही पण जी डिस्कवर अजून आहे, ती डीएफला मोजावीच लागते आणि डीयूला ती सापडूच शकत नाही.

अशी फाइल असते कशी, तर आरएम फाइल पुसत नाही, फक्त फोल्डरमधलं तिचं नाव काढतं. दारावरची पाटी काढली म्हणून आतला माणूस घर सोडून जात नाही ना, तसंच आहे हे. फाइलचे ब्लॉक मोकळे व्हायला दोन गोष्टी व्हाव्या लागतात, तिचं शेवटचं नाव गेलं पाहिजे आणि ती उघडून बसलेल्या सगळ्या प्रोसेसनी ती बंद केली पाहिजे. तुमचं ॲप्लिकेशन अजून चालू आहे, त्याने ती लॉग फाइल उघडून ठेवलीये आणि बहुतेक अजून तिच्यात लिहितंयसुद्धा. म्हणजे तुम्ही उडवलेली फाइल आत्ता हे वाचेपर्यंत आणखी मोठी झाली असेल.

शोधायचं कसं, तर सुडो (म्हणजे रूटचे, ॲडमिनचे अधिकार) लावून एलएसओएफ +एल१ मारा, म्हणजे अधिक चिन्ह, त्याला चिकटून कॅपिटल एल आणि १. याचा अर्थ ज्यांच्या लिंकचा, म्हणजे नावांचा आकडा १ पेक्षा कमी आहे, म्हणजे शून्य झालाय, अशा उघड्या फाइल दाखव. यादीत शेवटी डिलीटेड असं लिहिलेलं दिसेल, साइजच्या रकान्यात मोठा आकडा बघा आणि त्या ओळीतला पीआयडी (प्रोसेसचा नंबर) आणि एफडीचा (तिने उघडलेल्या फाइलचा) नंबर लिहून ठेवा. एलएसओएफ इन्स्टॉल नसेल तर डिस्क फुल असताना ते इन्स्टॉल करायच्या भानगडीत पडू नका, प्रत्येक प्रोसेसच्या /प्रॉक/पीआयडी/एफडी फोल्डरमध्ये तिने उघडलेल्या फाइलच्या लिंक असतात, फाइंड -एलएस ने त्या काढून ग्रेपने डिलीटेड शब्द शोधला की काम होतं.

आता जागा सोडवायची. सरळ मार्ग म्हणजे त्या एकाच सर्व्हिसला रीलोड किंवा रीस्टार्ट करा. मॅनेजर म्हणतायत तसं रीबूट केल्यानेही जागा सुटेल, सगळ्याच प्रोसेस बंद होणार, पण एका प्रोसेससाठी अख्खा सर्व्हर कशाला पाडायचा, आणि नेमकं कोणी धरलं होतं हे मग कधीच कळणार नाही, पुढच्या महिन्यात परत हेच. रीस्टार्ट करणं शक्यच नसेल, समजा मोठं काम मध्येच आहे, तर ट्रंकेट -एस ० देऊन पुढे /प्रॉक/पीआयडी/एफडी/नंबर हा पाथ द्या, आत्ता लिहून ठेवलेले तेच दोन नंबर. फाइल आतल्या आत रिकामी होते आणि प्रोसेस चालूच राहते. पण हे फक्त लॉगसाठी! डेटाबेसच्या टेंपररी फाइल या यादीत नेहमीच दिसतात, मायएसक्यूएल तर त्या उघडून लगेच स्वतःच डिलीट करून ठेवतं, ते नॉर्मल आहे, त्यांना हात लावायचा नाही.

याच वाटेचा एक मोठा उपयोग आहे जो फार लोकांना माहीत नसतो. चुकून एखादी महत्त्वाची फाइल उडवली आणि ती उघडलेली प्रोसेस अजून जिवंत असेल, तर /प्रॉक/पीआयडी/एफडी/नंबर वरून सीपी करून ती पूर्ण परत मिळवता येते. अशा वेळी मात्र सर्व्हिस रीस्टार्ट केली की संपलं, म्हणून आधी कॉपी, मग बाकी सगळं.

आणि पुढे हे होऊ नये यासाठी लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला करून काही काळाने काढून टाकणारं साधन) नीट लावा. बहुतेक ठिकाणी घोळ असा असतो की लॉगरोटेट फाइलचं नाव बदलतो, नवीन फाइल तयार करतो, पण ॲप्लिकेशनला कोणी सांगतच नाही, त्यामुळे ते जुन्याच फाइलमध्ये लिहीत बसतं आणि काही दिवसांनी ती जुनी फाइल रोटेशनमध्ये डिलीट होते. त्याच्या सेटिंगमधल्या पोस्टरोटेटमध्ये सर्व्हिसला रीलोड किंवा योग्य तो सिग्नल द्या, एनजिनएक्स असेल तर यूएसआर१. ॲप्लिकेशनला सिग्नल कळतच नसेल तर कॉपीट्रंकेट वापरा, त्यात कॉपी झाल्यावर आणि रिकामी करण्याआधी जो क्षण जातो तेवढ्यातल्या ओळी हरवू शकतात, तेवढं चालत असेल तरच.

प्रश्न: मॅडम, डीएफ आणि डीयूमध्ये ३० जीबीचा फरक आहे म्हणून एलएसओएफ +एल१ करून बघितलं तर काहीच मोठं नाही, दोन-चार केबीच्या फाइल आहेत फक्त. सर्व्हर रीबूटसुद्धा केला, फरक तेवढाच. आता कुठे बघू? सर्व्हरला बॅकअपसाठी एक वेगळी डिस्क आहे, ती /बॅकअप वर माउंट होते, एवढंच वेगळं आहे बाकी साधा सर्व्हर आहे.

उत्तर: रीबूटनंतरही फरक राहिला म्हणजे उघड्या फाइलचा मुद्दा निकालात निघाला, हे तुम्ही छान तपासलंत. आता आधी एक साधी गोष्ट बघा, डीयू सुडोने चालवलं होतं का? साध्या यूजरला ज्या फोल्डरमध्ये शिरता येत नाही ते डीयू मोजत नाही, परमिशन डिनाइड असं म्हणून पुढे जातं, आणि बरेच लोक तो एरर बघायचा नको म्हणून तो /डेव्ह/नलकडे पाठवतात, म्हणजे फेकून देतात. मग आकडा कमी येणारच. आणि -एक्स लावा, म्हणजे ते एकाच फाइलसिस्टिममध्ये राहील, बॅकअपची डिस्क त्यात मिसळणार नाही.

ते सगळं केलं असेल तर माझा संशय तुमच्या बॅकअप डिस्कवरच आहे. एखाद्या रात्री ती डिस्क माउंट झालेली नसणार, केबल, रीबूटचा क्रम, एफएसटॅबमधली (माउंटची यादी असते त्या फाइलमधली) चूक, काहीही असेल. बॅकअपची स्क्रिप्ट ठरल्या वेळी चालली, /बॅकअप नावाचा फोल्डर तर होताच, तिने निमूटपणे त्यात ३० जीबी लिहिले, म्हणजे थेट रूट पार्टिशनवर. नंतर डिस्क माउंट झाली आणि त्या फाइल तिच्याखाली झाकल्या गेल्या. आता /बॅकअप मध्ये गेलात तर डिस्कवरचं दिसतं, खालचं दिसत नाही, डीयूलाही दिसत नाही, पण ब्लॉक तर अडलेले आहेतच.

बघायला अनमाउंट करायची गरज नाही. /एमएनटी/तपास असा एक रिकामा फोल्डर करा आणि माउंट --बाइंड / /एमएनटी/तपास असं द्या. साध्या बाइंडमध्ये फक्त रूट फाइलसिस्टिम दिसते, तिच्यावर चढवलेल्या बाकीच्या डिस्क येत नाहीत, त्यामुळे /एमएनटी/तपास/बॅकअप मध्ये शिरलात की झाकलेल्या फाइल समोर येतील. उडवण्याआधी बघून घ्या, कधीकधी त्या रात्रीचा बॅकअप फक्त तिथेच असतो, आधी खऱ्या डिस्कवर हलवा. काम झालं की तो बाइंड अनमाउंट करायला विसरू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला माउंटपॉइंट -क्यू /बॅकअप ही तपासणी टाका, माउंट नसेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं आणि मेल पाठवावा. आणि आणखी पक्कं करायचं तर डिस्क अनमाउंट असताना त्या रिकाम्या फोल्डरला सीएचॲटर +आय करून (बदल करता येणार नाही अशी खूण लावून) ठेवा, मग माउंट नसताना रूटसुद्धा त्यात काही लिहू शकणार नाही, माउंट झाल्यावर मात्र काही अडत नाही. मला ही युक्ती फार आवडते, लावायला एक ओळ आणि मग वर्षानुवर्षं निश्चिंत.

प्रश्न: ताई नवीन २ टीबीची डिस्क लावली, ईएक्सटी४ केली, एकही फाइल टाकलेली नाही आणि डीएफ -एच मध्ये साइज १.८टी आणि शिल्लक १.७टी दाखवतंय. डिस्क डिफेक्टिव्ह आहे का, परत करू का?

उत्तर: नका करू परत, डिस्क चांगली आहे. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे १००० जीबी असं हजाराच्या पटीत मोजतात आणि डीएफ -एच १०२४ च्या पटीत. २ टीबीचे डीएफच्या हिशोबाने साधारण १८६२ जीबी होतात, तिथेच १.८ झालं. कॅपिटल एच लावून बघा, तो हजारानेच मोजतो. मग ईएक्सटी४ फाइलसिस्टिम आयनोडच्या, म्हणजे फाइलच्या नोंदींच्या तक्त्यासाठी काही जागा सुरुवातीलाच काढून ठेवते.

साइज आणि शिल्लक यातला फरक म्हणजे राखीव ब्लॉक. ईएक्सटी४ बनवताना काही सांगितलं नाही तर ५ टक्के ब्लॉक रूटसाठी बाजूला ठेवले जातात, तुमच्या डिस्कवर ते ९३ जीबीच्या आसपास. रूट पार्टिशनवर ही सोय खरंच उपयोगी आहे, साध्या यूजरच्या प्रोसेसने डिस्क भरली तरी रूटला लॉगिन करून साफसफाई करायला जागा राहते, शिवाय फाइलसिस्टिम अगदी काठोकाठ भरली की फाइलचे तुकडे फार पडतात तेही टळतं. पण नुसत्या डेटाच्या मोठ्या डिस्कवर एवढं कशाला, ट्यून२एफएस -एम १ करून १ टक्क्यावर आणा, ७० जीबीच्या वर लगेच मोकळी होईल. माउंट असतानाही करता येतं. रूट पार्टिशनवर मात्र शून्य करू नका.

यामुळेच आणखी एक गोष्ट होते, डीएफमधले वापरलेले आणि शिल्लक मिळवले तरी साइज येत नाही. टक्का काढताना डीएफ वापरलेले भागिले वापरलेले अधिक शिल्लक असा हिशोब करतं, म्हणजे राखीव भाग धरतच नाही, म्हणून पहिल्या पत्रात ५० पैकी ४८ जीबीलाच १०० टक्के दिसत होते.

प्रश्न: नमस्कार, मी एक पीएचपीचं ॲप्लिकेशन सांभाळतो. सकाळपासून नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस असा एरर येतोय, लॉगिन होत नाही कोणाचं, पण डीएफ -एच मध्ये डिस्क ४० टक्के रिकामी आहे!! होस्टिंगवाले म्हणतात आमच्याकडून सगळं ओके आहे.

उत्तर: डीएफ -आय मारून बघा, आययूज रकान्यात १०० टक्के दिसेल याची मला जवळजवळ खात्री आहे. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, फाइल १ बाइटची असो की १ जीबीची. ईएक्सटी४ मध्ये आयनोडची संख्या फाइलसिस्टिम बनवतानाच ठरते, नेहमीच्या सेटिंगला दर १६ केबीमागे एक, आणि नंतर ती नुसती वाढवता येत नाही. कोट्यवधी बारक्या फाइल झाल्या की जागा असूनही नवीन फाइल बनत नाही, आणि कर्नल दोन्ही वेळेला तोच एक एरर देतं, त्यामुळे माणूस साहजिकच जीबीच शोधत बसतो.

कोणत्या फोल्डरमध्ये गर्दी आहे ते बघायला डीयू --आयनोड्स -एक्स / याचं आउटपुट सॉर्ट -एन मधून घालून शेवटच्या ओळी बघा. पीएचपी म्हणालात तर पहिला संशय सेशनच्या फाइलवर. डेबियन आणि उबुंटूवर पीएचपीची स्वतःची सेशन सफाई बंद ठेवलेली असते आणि त्याऐवजी ठरावीक वेळाने चालणारा एक जॉब जुनी सेशन काढतो, पण ॲपने कोडमधूनच सेशनसाठी स्वतःचा वेगळा फोल्डर ठरवला असेल तर तो जॉब तिथे जात नाही आणि फाइल साचत राहतात. मेलची अडकलेली रांग, कॅशचे फोल्डर हेही तपासा.

साफ करताना त्या फोल्डरमध्ये आरएम आणि स्टार द्याल तर आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग येईल, आणि साधं एलएस पण लटकेल कारण ते सगळी नावं आधी सॉर्ट करायला घेतं. एलएस -एफ वापरा, छोटा एफ, त्यात सॉर्ट नाही. उडवायला फाइंडमध्ये फोल्डर, -टाइप एफ, -एममिन +१४४० आणि शेवटी -डिलीट, म्हणजे गेल्या २४ तासांत न बदललेल्या फाइल जातील आणि चालू लोकांची सेशन राहतील. -डिलीट शेवटीच लिहायचं हां, फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतं, ते आधी आलं तर अट बघायच्या आधीच सगळं उडेल. आधी -डिलीटच्या जागी -प्रिंट ठेवून एकदा चालवून बघितलंत तर उत्तम.

होस्टिंगवाल्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांचं मॉनिटरिंगही नुसती जागाच बघत असणार. तुमच्या अलर्टमध्ये मात्र आयनोडचा टक्का आजच घाला. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम असती तर ती लागतील तसे आयनोड तयार करत जाते, हा त्रास तिथे सहसा येत नाही.

प्रश्न: क्लाउडवरची डिस्क पॅनलमधून ५० ची १०० जीबी केली, लगेच दिसतेय तिथे १००. पण सर्व्हरवर डीएफ अजून ५० च म्हणतंय, रीबूट पण केलं.

उत्तर: तुम्ही फक्त डिस्क वाढवलीत, तिच्यावरचं पार्टिशन आणि त्याच्यावरची फाइलसिस्टिम आपापल्या जुन्या साइजवरच आहेत आणि डीएफ फक्त फाइलसिस्टिमचं बोलतं. एलएसबीएलके मारा, डिस्क १०० आणि तिच्याखाली पार्टिशन ५० असं दिसेल. ग्रोपार्ट ने पार्टिशन वाढवा, त्यात डिस्कचं नाव आणि पार्टिशनचा नंबर यांच्यामध्ये स्पेस असते, चिकटवून लिहिलं की चालत नाही. मग ईएक्सटी४ असेल तर रीसाइज२एफएस ला पार्टिशन द्या, एक्सएफएस असेल तर एक्सएफएस_ग्रोएफएस ला माउंट पॉइंट द्या. मध्ये एलव्हीएम (डिस्कच्या जागेची वाटणी सांभाळणारा थर) असेल तर पीव्हीरीसाइज आणि मग एलव्हीएक्स्टेंडला -आर लावा म्हणजे फाइलसिस्टिमही सोबतच वाढते. हे सगळं चालू सर्व्हरवर होतं, पण स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची प्रत) घेऊनच करा.

एक अडचण येते ती सांगून ठेवते. डिस्क पूर्ण भरलेली असेल तर ग्रोपार्टच नो स्पेस म्हणून अडतो, कारण त्याला /टीएमपी मध्ये थोडं लिहायला लागतं. अशा वेळी /टीएमपी वर तात्पुरती १० एमबीची टीएमपीएफएस (मेमरीत राहणारी फाइलसिस्टिम) माउंट करा, ग्रोपार्ट चालवा, नंतर काढून टाका.

प्रश्न: मॅडम डॉकरच्या सर्व्हरवर डीयू ने /व्हार/लिब/डॉकर मोजलं तर डिस्कच्या साइजपेक्षा जास्त येतंय, हे कसं शक्य आहे? आणि सिस्टिम प्रून करू का?

उत्तर: चालू कंटेनरची फाइलसिस्टिम ओव्हरलेने जोडून तिथेच खाली माउंट केलेली असते, त्यामुळे इमेजच्या लेअरमधल्या त्याच फाइल डीयूला परत परत भेटतात आणि पाच कंटेनर एकाच इमेजवर चालत असतील तर पाच वेळा. -एक्स लावलंत की आकडा जागेवर येतो. खरा हिशोब डॉकर सिस्टिम डीएफ देतं, -व्ही लावलं तर प्रत्येक इमेज, कंटेनर आणि व्हॉल्यूमचा वेगळा.

पण त्या हिशोबात कंटेनरचे लॉग दिसत नाहीत, आणि बहुतेक सर्व्हर भरतात ते त्यांनीच! नेहमीचा जेसन-फाइल ड्रायव्हर स्वतःहून कुठलीच मर्यादा घालत नाही, बडबड्या कंटेनरची लॉग फाइल महिनोन्महिने वाढतच जाते. /व्हार/लिब/डॉकर/कंटेनर्स मध्ये -जेसन.लॉग ने संपणाऱ्या फाइल बघा. आरएम करू नका, परत पहिल्या पत्रासारखंच होईल, ट्रंकेट -एस ० करा. मग डेमन.जेसन मध्ये मॅक्स-साइज आणि मॅक्स-फाइल घाला, डॉकर रीस्टार्ट करा, आणि हे लक्षात ठेवा की ती मर्यादा नवीन बनवलेल्या कंटेनरलाच लागते, जुने कंटेनर काढून पुन्हा बनवावे लागतील.

प्रून (वापरात नसलेलं साफ करणारी कमांड) करायला हरकत नाही, पण तो बंद असलेले कंटेनरही उडवतो, कोणी मुद्दाम बंद करून ठेवलेला एखादा असेल तर आधी विचारा. --व्हॉल्यूम्स तर तुमचा डेटा कुठल्या व्हॉल्यूममध्ये आहे ते नीट माहीत असल्याशिवाय लावूच नका.

प्रश्न: ४० जीबीच्या डिस्कवर एलएस -एल मध्ये १०० जीबीची फाइल दिसतेय, व्हर्च्युअल मशीनची इमेज आहे. एससीपी ने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवली तर तिथली डिस्क भरून गेली.

उत्तर: ही स्पार्स फाइल आहे, तिच्यात जिथे अजून काही लिहिलेलंच नाही तिथे डिस्कवर ब्लॉकही दिलेले नाहीत. एलएस -एल फाइलची लांबी सांगतं, डीयू खरे ब्लॉक सांगतं, आणि डीयूला --अपॅरंट-साइज लावलं तर तेही लांबी सांगायला लागतं. एससीपी फाइलमधल्या रिकाम्या भागांचे शून्य खरेखुरे लिहून पाठवतं म्हणून तिकडे १०० जीबी झाले. आरसिंकला कॅपिटल एस लावून पाठवा किंवा टारला कॅपिटल एस. जुन्या लिनक्सवर /व्हार/लॉग/लास्टलॉग ही फाइल अशीच प्रचंड दिसते, यूजर आयडी मोठे असतील तर फारच, तिला घाबरू नका.

प्रश्न: ताई तातडीचं आहे. डेटाबेस सर्व्हरची डिस्क ९८ टक्के झाली. मायएसक्यूएलच्या फोल्डरमध्ये बिनलॉग नावाच्या खूप फाइल आहेत आणि दुसऱ्या सर्व्हरवर पोस्टग्रेसमध्ये पीजी_वॉल फोल्डर ६० जीबी झालाय. लॉगच आहेत तर जुने उडवले तर चालतील ना?

उत्तर: नाही! दोन्हीकडे हात लावू नका, ही उत्तरं मी तुम्हाला मेलवर आधीच पाठवलीत पण इतरांसाठी इथेही देते.

पीजी_वॉल मध्ये डेटाबेसमध्ये झालेले आणि अजून मुख्य फाइलमध्ये पक्के न उतरलेले बदल असतात, त्यातली चुकीची फाइल गेली आणि सर्व्हर पडला तर डेटाबेस वर येणारच नाही. या फोल्डरचं नाव आधी पीजी_एक्सलॉग होतं, लोक लॉग शब्द वाचून ते साफ करायचे आणि डेटाबेस गमावून बसायचे, म्हणून २०१७ मध्ये आलेल्या १० व्या व्हर्जनपासून नावच बदललं. तो फोल्डर फुगण्याची कारणं थोडी असतात, एखादा रिप्लिकेशन स्लॉट (दुसऱ्या सर्व्हरने वाचेपर्यंत बदल राखून ठेवणारी नोंद) ज्याचा वाचणारा सर्व्हर कधीच बंद झालाय, किंवा आर्काइव्ह कमांड फेल होतेय. पीजी_रिप्लिकेशन_स्लॉट्स मध्ये ॲक्टिव्ह नसलेला स्लॉट बघा, तो खरंच नको असेल तर ड्रॉप करा, पुढच्या चेकपॉइंटला पोस्टग्रेस स्वतः जागा सोडेल.

मायएसक्यूएलचे बिनलॉग (डेटातल्या बदलांची नोंद) उडवता येतात पण डेटाबेसच्या आतून, पर्ज बायनरी लॉग्स ही कमांड देऊन, आणि आधी रेप्लिका (डेटाबेसची प्रत ठेवणारे सर्व्हर) कुठपर्यंत वाचून झाल्यात ते बघून. आरएम ने काढलेत तर इंडेक्स फाइलमध्ये नावं तशीच राहतात आणि पुढे रिप्लिकेशनचा गोंधळ होतो. ८.० मध्ये ते ३० दिवस ठेवायचं सेटिंग आपोआप असतं, तुमच्या बॅकअपच्या पद्धतीला कमी दिवस पुरत असतील तर कमी करा.

आत्ता ताबडतोब श्वास घ्यायला जागा हवी असेल तर जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज बघा आणि --व्हॅक्यूम-साइज ने जर्नल कमी करा, पॅकेज मॅनेजरची कॅश साफ करा, जुने कर्नल काढा. यातलं काहीही गेलं तरी तुमचा डेटा जात नाही, आणि तेवढ्या वेळात डिस्क वाढवून घ्या.

प्रश्न: बीटीआरएफएस वर ८० जीबीचे जुने व्हिडिओ डिलीट केले, कोणत्याही प्रोसेसने धरलेले नाहीत, झाकलेलं काही नाही, तरी जागा वाढली नाही.

उत्तर: स्नॅपशॉट असणार. स्नॅपशॉट घेतला त्या वेळी त्या फाइल होत्या, म्हणून त्यांचे ब्लॉक तो सोडत नाही, तो डिलीट केलात की सुटतील, आणि बीटीआरएफएस हे काम मागे सावकाश करते त्यामुळे लगेच आकडा नाही हलला तर थोडा वेळ द्या. तुमच्या फाइलसिस्टिमवर साध्या डीएफपेक्षा बीटीआरएफएस फाइलसिस्टिम यूसेज ही कमांड बघायची सवय लावा, त्यात डेटा आणि मेटाडेटा वेगळे दिसतात, मेटाडेटाची जागा संपली तर बाकी रिकामं असूनही नो स्पेस येतो. झेडएफएसवाल्यांनी झेडएफएस लिस्ट -ओ स्पेस बघावं, स्नॅपशॉटने किती धरलंय त्याचा तिथे स्वतंत्र रकाना आहे.

प्रश्न: डीएफ मारलं की काहीच येत नाही, नुसता लटकतो, कंट्रोल-सी ने पण निघत नाही.

उत्तर: कुठला तरी नेटवर्कवरचा एनएफएस माउंट आहे आणि पलीकडचा सर्व्हर उत्तर देत नाहीये, डीएफ त्याचीच वाट बघतंय. डीएफ -एल दिलंत तर फक्त स्थानिक डिस्क बघेल आणि लगेच येईल. /प्रॉक/माउंट्स वाचून तो माउंट कुठला ते शोधा, वाचायला तिथे काही अडत नाही. पलीकडचा सर्व्हर परत येणार असेल तर त्याला येऊ द्या, अडकलेल्या प्रोसेस आपोआप पुढे सरकतात. येणारच नसेल तर यूमाउंटला -एफ, आणि त्यानेही नाही झालं तर -एल. तुमचं मॉनिटरिंग जर दर मिनिटाला साधं डीएफ चालवत असेल तर आत्तापर्यंत अशा लटकलेल्या प्रोसेसचा ढीग झाला असेल, पीएस मध्ये डी स्टेटला (म्हणजे डिस्क किंवा नेटवर्कची वाट बघत अडकलेल्या) किती आहेत ते बघा आणि त्या स्क्रिप्टमध्येही डीएफला -एल घाला.